आंबील

नाचणीचे किंवा ज्वारीचे पीठ ताकात अथवा पाण्यात भिजवून, रात्रभर आंबवून शिजवलेले पातळसर पेय. महाराष्ट्रात आंबील मुख्यतः उन्हाळ्यात थंडाव्यासाठी पितात. पोट साफ होत नाही अशी तक्रार असणाऱ्यांनाही ती सुचवली जाते. सल्ला योग्यच आहे, पण आंबवलेली म्हणून ती ‘प्रोबायोटिक’ आहे आणि त्यामुळेच गुण देते, हे कारण नीट तपासून घेतले पाहिजे.

सकाळी झाकण काढले की भिजवलेल्या पिठावर बारीक बुडबुडे दिसतात आणि आंबूस वास येतो. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू रात्रभर कामाला लागल्याची ती खूण. मग हे पीठ आधणाच्या पाण्यात सोडून, गुठळी होऊ न देता ढवळत शिजवतात आणि उकळीबरोबर बहुतेक जीवाणू मरतात. इडली-ढोकळ्याचेही तेच. प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येने पोटात गेल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. त्यामुळे नुसती शिजलेली आंबील त्यात बसत नाही. तिचा खरा आधार सालासकट दळलेल्या धान्याचा चोथा आणि भरपूर पाणी. त्यांनी मल मऊ होतो. आंबील कोमट झाल्यावर लसूण-जिऱ्याबरोबर ताजे ताक घातले, तर मात्र जिवंत जीवाणूही पोटात जातात. ताक चुलीवर असतानाच ओतण्याची घाई करू नये.

ताक स्वतः रेचक नाही. आयुर्वेदात ते ग्राही, म्हणजे मल बांधणारे मानतात. चरकसंहितेत त्याची थोरवी आहे ती मूळव्याध आणि ग्रहणी, म्हणजे अन्न नीट न पचता वारंवार जुलाब होण्याचा विकार, यांच्या संदर्भात.

आंबट दुधातील जीवाणूंकडे जगाचे लक्ष वेधले ते १९०८ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी, शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी. बद्धकोष्ठतेपुरता पुरावा बराच नंतरचा. २०१४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातील संशोधकांनी १४ चाचण्या एकत्र तपासल्या. प्रोबायोटिक घेणाऱ्यांना आठवड्याला सरासरी १.३ वेळा जास्त शौचास झाले आणि अन्न आतड्यांतून पुढे सरकण्याचा वेळ सुमारे १२ तासांनी घटला. बायफिडोबॅक्टेरियम लॅक्टिस या जीवाणूचा गुण दिसला, सगळ्यांचा नाही. घरच्या विरजणात तो असेलच असे नाही.

सवय नसताना एकदम मोठा पेला प्यायल्यास पोट फुगते; अर्ध्या वाटीने सुरुवात करावी. शौचावाटे रक्त जात असेल, वजन घटत असेल किंवा उतारवयात शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर आंबिलीवर विसंबून न राहता डॉक्टरांना दाखवावे.