निळी टिक म्हणजे खराच खेळाडू?

‘सोशल मीडियाच्या खात्यावर नावापुढे निळी टिक दिसतेय, म्हणजे खेळाडू स्वतःच बोलतोय’ हा समज काही जात नाही. बेसबॉल संघाचे व्यवस्थापक टोनी ला रुसा यांनी आपल्या नावाच्या तोतया खात्याबद्दल ट्विटरवर (आताचे एक्स) खटला भरल्यावर, २००९मध्ये ट्विटरने ही टिक आणली. तेव्हा ती ओळख तपासूनच मिळे. नोव्हेंबर २०२२मध्ये ती पैसे मोजून मिळू लागली आणि लगेचच बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सच्या नावाने, टिकसकट, संघ सोडत असल्याची थाप पसरली. व्हिडिओचाही भरवसा नाही: जानेवारी २०२४मध्ये सचिन तेंडुलकर यांना आपला चेहरा-आवाज वापरून केलेल्या बनावट व्हिडिओ जाहिरातीबद्दल स्वतः सावध करावं लागलं. म्हणून खेळाडूच्या किंवा संघाच्या अधिकृत वेबसाइटवरच्या लिंकवरूनच खात्यावर जा. इनबॉक्समध्ये पैसे मागणारा तोतयाच समजा आणि तिथल्या तिथे रिपोर्ट करा.