डेंग्यूची अँटिबॉडी तपासणी: कागद कोणते, नमुना कसा जपायचा

सरकारी प्रयोगशाळेतल्या डेंग्यूच्या एलायझा (रक्तातून विषाणूचं प्रथिन किंवा अँटिबॉडी शोधणाऱ्या) तपासणीला पैसे पडत नाहीत आणि रुग्णाला वेगळा अर्जही करावा लागत नाही. ताप हवा आणि डॉक्टरांनी डेंग्यूचा संशय लिहून दिलेला हवा, एवढीच पात्रता. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या रुग्णांनी आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा तालुक्याचा सरकारी दवाखाना गाठावा.

सोबत आधार कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी आणि चालू मोबाइल नंबर ठेवा. फॉर्म बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असतो. नाव आधारवरच्या स्पेलिंगनंच सांगा, नाहीतर रिपोर्टच्या खिडकीवर खोळंबा ठरलेला.

फॉर्मवरची ताप सुरू झाल्याची तारीख मात्र अंदाजानं सांगू नका. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ ही विषाणूच्या प्रथिनाची तपासणी होते. विषाणूशी लढायला शरीर बनवतं त्या आयजीएम अँटिबॉडी त्यानंतर नीट सापडतात. तारीख चुकली की तपासणीच चुकीची निवडली जाते.

आता नमुन्याचं. रक्त साध्या, म्हणजे गोठू देणाऱ्या नळीत घेतात आणि अर्धा तास तसंच उभं ठेवतात. मग सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या वेगानं फिरवणाऱ्या यंत्रात, फिरवून वरचा पिवळसर सीरम (रक्तातला पातळ भाग) वेगळा करतात. सीरम काढण्याआधी नळी फ्रीझरमध्ये गेली तर पेशी फुटतात, सीरम लाल होतो आणि प्रयोगशाळा असा नमुना नाकारू शकते. जोरात हलवलेल्या नळीचीही तीच गत.

वेगळा केलेला सीरम २ ते ८ अंश सेल्सियसला काही दिवस टिकतो. जास्त दिवस थांबायचं असेल तर उणे २० किंवा त्याहून खाली. अँटिबॉडी तशा चिवट असतात, तासाभराच्या उन्हानं लगेच नाहीशा होत नाहीत. खरा धोका दोन गोष्टींचा. उबेत जंतू वाढून सीरम गढूळ होतो, आणि पुन्हा पुन्हा गोठवून वितळवल्यानं अँटिबॉडी, त्यातही आयजीएम, कमकुवत पडतात. मग खरा आजारी माणूस कागदावर निगेटिव्ह ठरतो. लोडशेडिंगमध्ये बंद-चालू होणारा फ्रीझर म्हणून मला बर्फाच्या पेटीपेक्षा वाईट वाटतो. मोठा नमुना असेल तर गोठवण्याआधीच दोन-तीन छोट्या नळ्यांत वाटून ठेवलेला बरा.

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडून नमुना खाली यायला वेळ लागतो, पावसात तर फारच. ही ने-आण आरोग्य केंद्राचं काम आहे. नळी, तिच्याभोवती टिपकागद आणि गळती न होणारा डबा, बाहेर आइसपॅकची पेटी, अशी तिहेरी बांधणी लागते. नळीवर नाव आणि तारीख हवीच. फॉर्म वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवतात, ओल्या कागदावरची शाई कुणालाच वाचता येत नाही. रुग्णाच्या हाती नळी देऊन वडापनं (शेअर जीपनं) पाठवू नये.

खासगी लॅबमध्ये जाणार असाल तर कर्नाटक सरकारनं २०२४ मध्ये एनएस-१ आणि आयजीएम एलायझासाठी प्रत्येकी ३०० रुपयांची मर्यादा घातली होती, हे ध्यानात ठेवून आधी दर विचारा. कार्डवरची झटपट तपासणी वेगळी, तिच्यावर डेंग्यू पक्का धरत नाहीत.

आयजीएम निगेटिव्ह आलं आणि रक्त तिसऱ्या-चौथ्या दिवशीचं असेल, तर आठवडा उलटल्यावर डॉक्टरांना विचारून पुन्हा नमुना द्या. फॉर्मही नवा, रक्त घेतल्याची तारीखही नवी.