मिरवणुकीचा देखावा, कोल्हापूर (पडद्यामागची घडण)

गणेशोत्सवात कोल्हापूरची तालीम मंडळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जो हलता किंवा सजीव प्रसंग उभा करतात, त्याला गावात सरसकट ‘देखावा’ म्हणतात. गोव्याच्या कार्निव्हलमधल्या चित्ररथांचाच हा भाऊबंद. मात्र इथला देखावा पेठेतली पोरे वर्गणी काढून, रात्री जागून स्वतः उभा करतात. मिरवणुकीत त्याची फक्त रंगवलेली बाजू दिसते. खरे कसब मागच्या बाजूला असते आणि ते पाहायचे तर अनंत चतुर्दशीच्या आधी गल्लीत जावे लागते.

ट्रॉली बहुधा उसाची असते. गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, त्यामुळे भाद्रपदात ती रिकामी मिळते. तिच्यावर लोखंडी अँगलचा सांगाडा जोडतात. मोटारी, गिअर, बेअरिंग यांसाठी लांब जावे लागत नाही, कारण मंगळवार पेठेला लागूनच शिवाजी उद्यमनगर आहे. ऑइल इंजिनांसाठी नावाजलेल्या या भागात लेथ आणि वेल्डिंगची दुकाने ओळीने आहेत. दिवसा कारखान्यात राबणारा वेल्डर रात्री मंडळाचा कार्यकर्ता असतो. पुण्या-मुंबईच्या भव्य सजावटींपेक्षा कोल्हापूरचे तांत्रिक देखावे वेगळे वाटतात ते यामुळेच.

हलत्या हत्तीचेच पाहा. समोरून तो सुळ्यांसकट जिवंत वाटतो. मागे गेले की जाळीवर खळीने चिकटवलेले गोणपाट आणि कागदाचे थर दिसतात. प्रेक्षकांच्या नजरेत न येणाऱ्या बाजूला रंगाचा हातही फिरवलेला नसतो. कानामागे गाडीच्या वायपरची मोटार बसवलेली असते. ती बारा व्होल्टच्या बॅटरीवर सावकाश पण जोराने फिरते आणि दांड्याच्या जोडणीमुळे कान पुढे-मागे होतो. दांडा बोटभर लांब झाला तरी कान सोंडेला घासतो, म्हणून तो पुन्हा कापतात, पुन्हा जोडतात. सोंडेला वेगळी मोटार लागते. खड्ड्यात ट्रॉली आपटली की नट ढिले होतात; त्यासाठी एक पोरगा पाना घेऊन हत्तीच्या पोटात बसून पूर्ण मिरवणूक काढतो. त्याला देखावा समोरून दिसतच नाही.

रंगकामाला मोठी परंपरा आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर इथेच नाटकांचे पडदे रंगवत. बाबूरावांनी पुढे कॅमेरा तयार करून १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणला. सपाट पाटीवर तटबंदीचा खोलपणा दाखवणे हा गुण आजच्या मंडपातल्या पेंटरांतही दिसतो. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यावर प्लायवूड, पुठ्ठा आणि कापडाचे काम वाढले. ते जड असते, वेळखाऊ असते, पण दिसते जास्त देखणे.

उंचीचा हिशेब आधीच करावा लागतो. मिरजकर तिकटी, महाद्वार रोड, पापाची तिकटी या मुख्य मार्गावर रस्ता अरुंद होत जातो. केबल-टेलिफोनच्या आडव्या वायरी बांबूने उचलून धरायला दोघे माथ्यावर उभे असतात. विजेच्या तारेखाली मात्र असले धाडस करू नये. मिरवणुकीच्या भरात हे विसरणे जिवावर बेतते. काही देखाव्यांचा वरचा भाग बिजागरीने खाली दुमडता येतो. जनरेटर मागच्या वेगळ्या गाडीवर असतो.

आत डोकावायला तिकीट नाही. उत्सवाच्या आधीच्या आठवड्यात रात्री जेवणानंतर गेले आणि “दादा, बघू का जरा?” असे विचारले, की ताडपत्री बाजूला होते आणि बहुतेकदा चहाही येतो. वेल्डिंगच्या ठिणगीकडे थेट पाहू नये.

विसर्जन झाले की दोन-तीन दिवसांत सांगाडा कापला जातो. मोटारी पुढच्या वर्षासाठी मंडळाच्या खोलीत जातात, आणि धुतलेली ट्रॉली हंगाम सुरू झाला की पुन्हा उसाच्या फडाकडे निघते.