जखम भरून आलेले रताळे

दसरा झाला की आमच्या परड्यातील रताळी काढण्याचे काम निघते. यंदा पावसाने माती घट्ट बसली होती, त्यामुळे कुदळीचे घाव जरा जास्तच लागले, आणि ते पाहून शेजारच्या काकूंनी कुंपणापलीकडूनच सांगितले, "स्वच्छ धुवा आणि दोन दिवस कडक उन्हात टाका, म्हणजे टिकतील." बेळगावात हा सल्ला पुष्कळ घरांत पाळला जातो; तो मायेचा आहे, पण रताळ्याला मानवणारा नाही.

तालुक्याच्या पश्चिमेला, उचगाव-बेळगुंदीकडच्या तांबड्या मातीत, पावसाळ्याच्या तोंडावर वेलांचे तुकडे लावतात आणि चार-पाच महिन्यांनी रताळी काढतात. आमचे कन्नड शेजारी ज्याला गेणसु म्हणतात ते हे कंद वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बटाट्याचे भाऊबंद नव्हेत. बटाटा हे जमिनीत वाढलेले खोड, म्हणून त्याला डोळे असतात. रताळे हे फुगलेले मूळ आहे. वेलापासून तोडल्यावरही त्याचा श्वास चालू असतो, आणि मुख्य म्हणजे त्याला स्वतःची जखम भरून काढता येते.

कुदळ लागलेले रताळे हातात घेऊन पाहावे. कापलेल्या जागी प्रथम पांढरा चीक येतो आणि तो सुकतो. त्याखालील उघड्या पडलेल्या पेशींचे काही थर वाळून मरतात. मात्र त्यांच्या लगेच खाली असलेल्या जिवंत पेशी आपल्या भिंतींत लिग्निन आणि सुबेरिन हे पदार्थ साठवू लागतात. सुबेरिन हा मेणासारखा, पाणी अडवणारा पदार्थ असून बाटलीचे बूच ज्या सालीपासून करतात तिच्यातही तोच असतो. या तात्पुरत्या बांधाच्या आडोशाला, एरवी विभाजन थांबलेल्या पेशी पुन्हा विभागू लागतात आणि सपाट पेशींचे एकावर एक थर रचून नवी साल तयार करतात. सुमारे 30 अंश सेल्सिअस तापमान आणि 85 ते 90 टक्के आर्द्रता मिळाली, तर हे सारे चार ते सात दिवसांत उरकते. थंडीत विभाजन रेंगाळते. हवा फार कोरडी असेल, तर बांध घालणाऱ्या पेशीच आधी वाळतात. उन्हात पसरलेल्या रताळ्याचे नेमके हेच होते, वरून ते खडखडीत दिसते आणि जखम मात्र उघडीच राहते. धुण्याने तर उरलेली सालही सोलवटते आणि ओल्या जखमेतून ऱ्हायझोपस नावाची बुरशी आत शिरते, जिच्यामुळे अख्खे रताळे चार दिवसांत पिचपिचीत होते. अमावास्येला काढलेली रताळी सडतात असे आमच्याकडे म्हणतात, पण बुरशीला तिथी कळत नाही, तिला ओल कळते.

म्हणून मी माती नुसती हाताने झटकतो, रताळी आतल्या खोलीत एकेरी पसरतो, वर ओलसर पोते कंदांना न टेकेल असे बांबूवर टाकतो आणि हवा खेळती ठेवतो. आठवड्याने जखमेवर अंगठा घासून पाहावा. साल सरकली नाही, तर काम झाले. त्यानंतर ती फ्रिजमध्ये मात्र ठेवू नयेत, कारण सुमारे 12 अंशांखाली पेशींची पटले बिघडतात आणि गाभा शिजवल्यावरही कडक राहतो.

साठवणीत पिष्टाचा थोडा भाग साखरेत बदलतो, पण खरी गोडी भाजताना येते. साधारण 65 अंशांपुढे पिष्ट फुगून मऊ होते आणि बीटा-अमायलेज हे विकर त्यातून माल्टोज ही साखर काढू लागते. 80 अंशांच्या आसपास ते स्वतःच निकामी होते. आरात मंद भाजलेल्या रताळ्याला या टप्प्यात बराच वेळ मिळतो, कुकरमधल्याला फार थोडा.

आता आवराआवर. कंद नेले आणि तुटकी मुळे मातीतच राहिली, की सोंडकिड्याला पुढच्या हंगामाचे घर मिळते. मुंगीसारखा दिसणारा, निळसर काळ्या पाठीचा आणि तांबूस मानेचा हा भुंगा जमिनीच्या भेगांतून कंदापर्यंत पोहोचतो आणि त्याच्या अळ्या आत बोगदे पाडतात. वाफा पुन्हा खणून बोटाएवढा तुकडासुद्धा वेचावा आणि पुढच्या वर्षी त्या जागी दुसरे काही लावावे. निरोगी हिरवे वेल म्हशीला खुशाल घालावेत. किडकी किंवा बुरशी लागलेली रताळी मात्र कधीही घालू नयेत. कीड किंवा बुरशी लागलेले रताळे बचावासाठी कडू द्रव्ये तयार करते, ती शिजवूनही जात नाहीत, आणि काही बुरशा त्यांपासून फुप्फुसांना घातक असे विष बनवतात. अशी रताळी खाऊन गुरे धापा टाकत दगावल्याच्या नोंदी आहेत. आमच्याकडे यंदा अशी अर्धी बुट्टी निघाली, ती गोठ्यापासून दूर, हातभर खोल खड्ड्यात पुरली.