रक्तक्लथन चाचण्या व गुठळीचा धोका

रक्त किती वेळात गोठते, गोठवणारे व गोठणे रोखणारे घटक किती आहेत आणि झालेली गुठळी विरघळते आहे का, हे पाहणाऱ्या तपासण्या म्हणजे रक्तक्लथन चाचण्या. त्यांतल्या नेहमीच्या दोन, पीटी (प्रोथ्रॉम्बिन टाइम) आणि एपीटीटी (ॲक्टिव्हेटेड पार्शियल थ्रॉम्बोप्लास्टिन टाइम), मुळात रक्तस्रावाची प्रवृत्ती शोधतात. त्या नॉर्मल आल्या म्हणून शिरेत गुठळी होण्याचा (थ्रॉम्बोसिसचा) धोका नाही, असे मुळीच ठरत नाही. ‘फॅक्टर पाच लायडन’ हा आनुवंशिक दोष असूनही दोन्ही निकाल सहसा नॉर्मलच येतात.

नमुना. बऱ्याच चुका यंत्रापर्यंत पोचण्याआधीच झालेल्या असतात. निळ्या झाकणाच्या नळीत ३.२ टक्के सोडियम सायट्रेट (कॅल्शियम बांधून रक्त गोठू न देणारे रसायन) असते. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, म्हणजे २.७ मिलि. रक्ताला ०.३ मिलि. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर जादा सायट्रेट चाचणीत घातलेले कॅल्शियम बांधून ठेवते आणि वेळ खोटीच वाढते. हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) ५५ टक्क्यांच्या वर असेल तर प्लाझ्मा (रक्ताचा द्रव भाग) कमी असल्याने हेच घडते. अशा वेळी सायट्रेट कमी करावे लागते. नळी तीन-चार वेळा हलकेच उलटसुलट करावी, हिसडू नये. हेपरिन (गोठणे रोखणारे औषध) दिलेल्या कॅथेटरमधून नमुना घेणे टाळावे.

पीटी आणि आयएनआर. प्लाझ्मात थ्रॉम्बोप्लास्टिन (गोठणे सुरू करणारे द्रव्य) व कॅल्शियम घालून गोठण्याची वेळ मोजतात. ती साधारण ११ ते १३.५ सेकंद असते. अभिकर्मकागणिक (चाचणीच्या रसायनागणिक) आकडा बदलत असल्याने वॉरफरिन (गोठणे रोखणारी गोळी) घेणाऱ्यांसाठी आयएनआर, म्हणजे पीटीचे प्रमाणित गुणोत्तर, काढतात. बहुतेकांत तो २ ते ३ ठेवतात. यकृताच्या आजारात आयएनआर वाढला की रक्त ‘आपोआप पातळ’ झाले असे समजणे धोक्याचे आहे: प्रोटीन सी, प्रोटीन एस व अँटिथ्रॉम्बिन हे गोठणे रोखणारे घटकही यकृतातच बनतात आणि तेही घटलेले असतात.

एपीटीटी. सर्वसाधारण मर्यादा २५ ते ३५ सेकंद. ल्यूपस अँटिकोॲग्युलंट (एक प्रकारची प्रतिपिंडे) असेल तर परीक्षानळीत ही वेळ लांबते, शरीरात मात्र गुठळ्या होतात. रुग्णाचा व निरोगी प्लाझ्मा समभाग मिसळून पाहतात. वेळ सुधारली तर घटकाची कमतरता, न सुधारल्यास रोधक (चाचणीतले गोठणे अडवणारा पदार्थ) असण्याची शक्यता जास्त.

डी-डायमर. गुठळी विरघळताना रक्तात येणारे प्रथिनाचे तुकडे मोजणारी ही चाचणी गुठळी नाकारण्यासाठी आहे, सिद्ध करण्यासाठी नाही. लक्षणांवरून शक्यता कमी वाटत असेल आणि निकाल ५०० नॅनोग्रॅम/मिलि. (एफईयू, म्हणजे फायब्रिनोजेन-समतुल्य एकक) पेक्षा कमी असेल, तर गुठळी बहुधा नाही. पन्नाशीनंतर वय गुणिले १० ही मर्यादा वापरतात. डीडीयू (डी-डायमर एकक) या एककातले आकडे सुमारे निम्मे असतात, म्हणून अहवालावरचे एकक आधी पाहावे. गरोदरपण, शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, कर्करोग यांतही पातळी वाढते.

थ्रॉम्बोफिलिया (गुठळ्या होण्याची प्रवृत्ती) तपासणी. जनुकीय चाचण्या केव्हाही चालतात. बाकीच्यांना वेळ सांभाळावी लागते. ताज्या गुठळीत प्रोटीन सी, प्रोटीन एस व अँटिथ्रॉम्बिन हे तिन्ही घटक खोटे कमी दिसू शकतात. हेपरिन अँटिथ्रॉम्बिन घटवते, वॉरफरिन प्रोटीन सी व एस. गरोदरपणात आणि इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांमुळे प्रोटीन एस उतरते. वॉरफरिन बंद करून किमान दोन आठवडे थांबावे, पण औषध केवळ चाचणीसाठी स्वतःहून थांबवू नये. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे (ल्यूपस अँटिकोॲग्युलंट त्यांपैकीच) सापडल्यास किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासूनच निदान करतात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर झालेल्या गुठळीत कारण उघड असते. तिथे हा संच सहसा मागवत नाहीत, कारण निकाल काहीही आला तरी उपचार बदलत नाहीत.