रॉड्रिग्ज बेट

रॉड्रिग्ज : हिंदी महासागरातील, मॉरिशस प्रजासत्ताकात मोडणारे स्वायत्त बेट. क्षेत्रफळ सुमारे १०८ चौ. किमी., लोकसंख्या चाळीस हजारांहून थोडी अधिक. मॉरिशसच्या मुख्य बेटापासून ते पूर्वेस सुमारे ५६० किमी. दूर आहे. मुख्य गाव पोर्ट मातुरँ. स्थानिक उच्चार ‘रोद्रीग’. विषुववृत्तापासून मुंबई उत्तरेला जितकी दूर, जवळजवळ तितकेच हे बेट दक्षिणेला. त्यामुळे ऋतू उलटे, आपल्याकडे उन्हाळा तापतो तेव्हा तिथे थंडीची चाहूल लागते. मॉरिशसला जाणारे मराठी प्रवासी पुष्कळ, पण बहुतेक जण मुख्य बेट पाहूनच माघारी फिरतात. ज्यांना खरोखर निवांत समुद्रकिनारा हवा असतो, त्यांच्या हातून यात मोठी गोष्ट निसटते.

बेट ज्वालामुखीच्या खडकाचे, डोंगराळ आणि लांबट आहे. सर्वांत उंच माथा माँ लिमाँ (३९८ मी.). नैर्ऋत्येला मात्र चुनखडकाचे पठार असून त्यात लांबलचक गुहा आहेत. मॉरिशस आणि रेयुनियाँ यांच्यासह हे मास्करीन द्वीपसमूहातले तिसरे आणि सर्वांत लहान बेट होय.

बेटाचे खरे वैभव जमिनीवर नाही, तिच्याभोवती आहे. चहूबाजूंनी प्रवाळभित्ती असून तिच्या आतले उथळ खारकच्छ, म्हणजेच लगून, सुमारे २४० चौ. किमी.चे आहे, बेटाच्या दुपटीहून अधिक. पूर्वेला ही भित्ती किनाऱ्याला अगदी चिकटून आहे, तर पश्चिमेला ती कित्येक किलोमीटर आत समुद्रात जाते. किनारे निवडताना हा फरक ध्यानात ठेवावा. पश्चिमेकडे ओहोटीला पाणी घोट्याएवढे होते आणि नजर पोहोचेल तिथवर चिखलवाळूचे मैदान उघडे पडते. तिथे पोहायच्या बेताने गेलेला माणूस हिरमुसतो. पांढऱ्या वाळूचे, लाटांचे किनारे पूर्वेला आहेत. सेंट फ्रान्स्वाच्या पुळणीमागे सुरूचे बन आहे. कोकण पाहिलेल्याला ते ओळखीचे वाटेल, फक्त समोरचे पाणी निळे-हिरवे आणि आरपार दिसणारे. तिथून ग्राव्हियेपर्यंत किनाऱ्याकाठची पायवाट आहे. वाटेत त्रू दार्जां ही कड्यांच्या कुशीत दडलेली चिमुकली पुळण लागते. नावात ‘चांदी’ आहे आणि चाच्यांनी इथे खजिना पुरल्याची दंतकथाही आहे. तिथे गाडीरस्ता जात नाही, चालतच जावे लागते, आणि म्हणूनच ती अजून शाबूत आहे. आग्नेयेच्या मूरूक उपसागरात वारा सतत वाहतो; पतंगाच्या ओढीवर फळीने लाटा कापणारे खेळाडू तिथे जमतात. पश्चिमेच्या खारकच्छातले इल ओ कोको हे वाळूचे बेट समुद्रपक्ष्यांच्या विणीसाठी राखलेले आहे. होडीने जाता येते, पण पक्ष्यांच्या हद्दीत पाऊल टाकायचे नाही.

याच उथळ पाण्यावर बेटाचा एक जुना धंदा उभा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी खोलवर जाते, तेव्हा पायात जाड बूट, डोक्यावर रुंद टोपी आणि हातात लोखंडी सळई घेतलेल्या बाया प्रवाळभित्तीकडे चालत निघतात. क्रिओल या स्थानिक बोलीत ऑक्टोपसला ‘उरीत’ म्हणतात, आणि त्याला बिळातून टोचून काढणाऱ्या या बायांना ‘पिकेझ’. दगडातले कोणते भोक रिकामे आणि कोणत्यात उरीत दडला आहे, हे त्या नुसत्या नजरेने ओळखतात; हे ज्ञान आईकडून लेकीकडे आलेले आहे. पकडलेला उरीत दांड्यांवर ताणून उन्हात वाळवतात. किनाऱ्यालगत वाऱ्यावर हलणाऱ्या या रांगा बेटाची ओळखच झाल्या आहेत.

मासेमारी वाढली तसे हाती येणारे उरीत लहान होत गेले, संख्याही घटली. २०१२ मध्ये प्रशासनाने साऱ्या खारकच्छात ऑगस्टच्या मध्यापासून दोन महिने ऑक्टोपस पकडण्यावर बंदी घातली. या प्राण्याचे आयुष्य जेमतेम वर्ष-दीड वर्षाचे, पण वाढ विलक्षण वेगाची. दोन महिने हात आखडला तर त्याचे वजन कित्येक पटींनी वाढते. बंदीच्या काळात मच्छीमारांना किनारे साफ करण्यासारखी पर्यायी कामे मजुरीवर दिली गेली. बंदी संपल्यावर मोठे उरीत मिळू लागले आणि पुढे मॉरिशसच्या मुख्य बेटानेही हीच पद्धत उचलली. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात त्यामागचा विचारही याच जातीचा आहे.

बेटाला नाव पडले ते दिओगू रॉड्रिग्ज या पोर्तुगीज दर्यावर्दीवरून. तो १५२८ मध्ये इथे आला. पहिली वस्ती १६९१ ची : धर्मछळामुळे देश सोडलेला फ्रान्स्वा लेगा हा फ्रेंच प्रॉटेस्टंट आणि त्याचे मूठभर सोबती. दोन वर्षांनी त्यांनी स्वतः बांधलेल्या नावेतून मॉरिशस गाठले. लेगाने लिहून ठेवले आहे की कासवांचे कळप इतके दाट असत की त्यांच्या पाठींवरून शंभराहून जास्त पावले चालता यावे. डोडोचा भाऊबंद असलेल्या, न उडणाऱ्या सॉलिटेअर पक्ष्याचेही त्याने बारकाईने वर्णन केले. अठराव्या शतकात जहाजांच्या शिधासाठी इथली कासवे हजारोंनी भरून नेली गेली. कासवांच्या दोन्ही जाती आणि सॉलिटेअर कायमचे नाहीसे झाले. त्या पक्ष्याचे सांगाडे तेवढे गुहांत सापडले. अवघ्या शंभर वर्षांतले हे उजाडणे वाचताना आजही पोटात तुटते.

१७६१ मध्ये अलेक्झांद्र पेंग्रे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ शुक्राचे अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून शुक्राचे सरकणे, पाहण्यासाठी इथे आला. १८०९ मध्ये ब्रिटिशांनी बेट घेतले आणि पुढच्या वर्षी मॉरिशस जिंकण्यासाठी त्याचा तळ केला. त्या फौजेत मुंबई इलाख्याच्या पलटणीचे हिंदी शिपाई होते. २७ ऑगस्ट १८८३ रोजी बेटाचा पोलीस प्रमुख जेम्स वॉलिस याने पूर्वेकडून तोफांसारखे आवाज आल्याची नोंद केली. ते होते सुमारे ४,८०० किमी. दूरच्या क्राकाटोआ ज्वालामुखीचे स्फोट. १९६८ मध्ये मॉरिशस स्वतंत्र झाले, पण रॉड्रिग्जच्या मतदारांचा कौल स्वातंत्र्याच्या विरोधात होता. स्वतःची प्रादेशिक विधानसभा बेटाला २००२ मध्ये मिळाली.

जंगलतोडीनंतर उरलेल्या जीवांना वाचवण्याचे काम मात्र मन लावून झाले. सोनेरी फळवटवाघूळ १९७० च्या दशकात शंभरांच्या आसपास उरले होते, आज ते हजारोंत आहे. रॉड्रिग्ज फोडी आणि रॉड्रिग्ज वटवट्या हे दोन पक्षीही असेच मरणाच्या दारातून परतले. ‘काफे मारों’ हे कॉफीच्या कुळातले झुडूप नामशेष मानले जात होते. १९८० मध्ये एका शाळकरी मुलाला त्याचे एकमेव झाड सापडले. औषधी म्हणून लोक फांद्या तोडू लागले तेव्हा भोवती कुंपणावर कुंपण घालावे लागले, आणि कलमे लंडनच्या क्यू उद्यानात वाढवली गेली. फ्रान्स्वा लेगा अभयारण्यात अल्दाब्रा बेटांच्या जातीची महाकाय कासवे आणून सोडली आहेत. ती मूळची इथली नव्हेत. तरी दरीत ती चरताना पाहिली की लेगाने काय पाहिले असेल याचा अंदाज येतो. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर या बेटाने २०१४ मध्येच बंदी घातली.

रहिवासी प्रामुख्याने आफ्रिकी व मादागास्करी वंशाचे क्रिओल, धर्माने बहुतांशी कॅथलिक. मुख्य बेटावर कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आणि गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुटी आहे, तसे इथे आढळत नाही. ढोलावरचे ‘सेगा तांबूर’ हे गाणे-नाचणे २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेले. बेटावर अकॉर्डियनही वाजते. जेवणात मका, लाल घेवडा, उरीताची कोशिंबीर आणि बारीक, जहाल मिरची. लिंबाच्या लोणच्याला ‘आशार’ म्हणतात; शब्द ‘अचार’च आहे, समुद्रमार्गे तिथे पोहोचलेला.

मॉरिशसहून विमानाने सुमारे दीड तास लागतो. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा काळ. मे ते ऑगस्ट आग्नेय वारे जोरात. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून वारा मंदावतो आणि पाऊसही कमी असतो, म्हणून किनाऱ्यासाठी ते दिवस बरे. मात्र ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ताजा उरीत मिळणार नाही. गोड्या पाण्याची टंचाई कायमची आहे, तेव्हा पाणी जपून वापरावे. पोर्ट मातुरँचा शनिवारचा बाजार चुकवू नये : मध, आशार, वाळवलेला उरीत आणि वाकुआ या केवड्याच्या जातभाईच्या पानांच्या विणलेल्या टोपल्या. खेड्यांतून विक्रेते पहाटेच येतात, म्हणून उजाडताच जावे. उन्हं चढली की चांगला माल संपलेला असतो.