ईएसआयचा आजारपणाचा पगार: दावा नेमका कुठे अडकतो, आणि न वापरलेल्या रजेचं काय?

पगारातून ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे, पैसे कापले जातात हे सगळ्यांना माहीत असतं. पण टायफॉइडने पंधरा दिवस घरी बसल्यावर तिथूनच आजारपणाचा पगार मिळतो, हे अनेकांना ईएसआयच्या शाखा कार्यालयाची पायरी चढेपर्यंत माहीत नसतं. आणि पायरी चढल्यावर कळतं की कागद चुकीचा आहे. भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, कुठल्याही एमआयडीसीत जा, नाकारलेल्या दाव्यांची कारणं तीच ती असतात.

आधी पात्रता. महिन्याचा पगार 21,000 रुपयांपर्यंत (अपंग कामगाराला 25,000 पर्यंत) असेल तर ही योजना लागू होते. तुमच्या पगारातून 0.75 टक्के कापतात, मालक 3.25 टक्के भरतो. वर्गणीच्या सहा महिन्यांच्या मुदतीत पगार मर्यादेच्या वर गेला, तरी ती मुदत संपेपर्यंत वर्गणी कापली जाते, त्यावरून एचआरशी भांडू नका. आजारपणात सरासरी रोजाच्या 70 टक्के रक्कम मिळते, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस.

आता पहिली मेख: 78 दिवस. सहा महिन्यांच्या वर्गणीच्या मुदतीत किमान 78 दिवसांची वर्गणी देय असावी लागते. बिनपगारी गैरहजेरी यात धरत नाहीत. पण ते सहा महिने म्हणजे आजारी पडण्याआधीचे सहा महिने नव्हेत, इथेच लोक फसतात. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला लाभ मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधला. म्हणजे फेब्रुवारीत आजारी पडलात तर डिसेंबर-जानेवारीत किती राबलात याला काही किंमत नाही, मागच्या उन्हाळ्या-पावसाळ्यातली हजेरी बघतात. त्या काळात ठेकेदाराने ब्रेक दिला असेल, तर तो आत्ता नडतो. पहिल्यांदाच ईएसआयमध्ये आलेल्यांना नोकरी लागल्यापासून नऊ महिने थांबावं लागतं. 10 जानेवारीला लागलात, तर 10 ऑक्टोबरपासून हक्क सुरू. उपचार मात्र त्याआधीही मिळतात, तेव्हा ‘अजून नऊ महिने झाले नाहीत’ म्हणून दवाखाना टाळू नका.

‘मालकाने वर्गणी भरलेलीच नाही’ असं खिडकीवर ऐकवलं, तर गप्प परत येऊ नका. नियमात वर्गणी ‘देय’ असावी असं म्हटलंय, भरलेली असावी असं नाही. पगारपत्रकं घेऊन जा, कपात दाखवा आणि लेखी अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मालकाकडून वसुली करणं हे ईएसआय महामंडळाचं काम आहे, तुमचं नाही. हे खरं तर त्यांनीच कामगाराला सांगायला हवं.

दुसरी आणि सगळ्यात मोठी मेख म्हणजे सर्टिफिकेट. गल्लीतल्या डॉक्टरांचं लेटरहेडवरचं सर्टिफिकेट चालत नाही, ते एमडी असले तरी. ईएसआयचा दवाखाना, ईएसआयचं रुग्णालय किंवा तुमच्या नावावर नेमलेला पॅनेल डॉक्टर, यांचंच लागतं. म्हणून ताप आला की पहिल्याच दिवशी तिथे जाऊन नोंद करा. पाचव्या दिवशी गेलात आणि ‘मागची तारीख टाका’ म्हणालात तर डॉक्टर टाकणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असतं. मिळालेलं सर्टिफिकेट तीन दिवसांच्या आत शाखा कार्यालयात पोचवा. आजार लांबला तर मधली सर्टिफिकेटं घ्या आणि शेवटी कामावर जाण्यायोग्य असल्याचं. हे शेवटचं लोक हटकून विसरतात.

गावी गेलेलं असताना आजारी पडलं तर? दिवाळीनंतर ही प्रकरणं हमखास येतात. शक्य असेल तर जवळच्या ईएसआय दवाखान्यात जा, दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी. तो नसेल तर शक्यतो सरकारी रुग्णालय गाठा आणि केसपेपर, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांची बिलं, डिस्चार्ज कार्ड सगळं जपून ठेवा. शाखा कार्यालय असा पर्यायी पुरावा मान्य करू शकतं, पण ते त्यांच्या मर्जीवर आहे. नुसतं ‘बेड रेस्टचा सल्ला दिला’ एवढ्या एका ओळीचा कागद घेऊन जाणाऱ्याचा दावा टिकलेला मी पाहिलेला नाही.

पैसे कमी आले म्हणून होणारी तक्रार बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांची असते. ते दोन दिवस प्रतीक्षेचे, त्यांचे पैसे नाहीत. सरासरी रोज 600 रुपये असेल तर लाभ 420 रुपये, दहा दिवसांच्या सर्टिफिकेटवर आठ दिवसांचे 3,360 मिळतील. मागचं आजारपण संपून पंधरा दिवस व्हायच्या आत पुन्हा आजारी पडलात तर ही कपात होत नाही.

या दोन दिवसांसाठी कंपनीची रजा खुशाल टाका. पुढच्या दिवसांसाठी मात्र नको, कारण ज्या दिवसाचा पगार कंपनीने दिला त्या दिवसाचा लाभ ईएसआय देत नाही. शाखा कार्यालय गैरहजेरीची खातरजमा मालकाकडून करून घेतं. तिथे एचआरमधल्या एखाद्या भल्या माणसाने ‘बिचाऱ्याचा पगार जायला नको’ म्हणून चार दिवस भरपगारी रजा लावलेली निघते आणि सगळा दावा लटकतो. आजारी पडल्यावर एचआरला लेखी कळवा: पहिले दोन दिवस रजा, पुढे ईएसआय.

फॉर्म भरणं, आधार आणि बँक खातं जोडणं हे किरकोळ काम आहे. आता पोर्टलवरूनही दावा करता येतो. फक्त नाव ईएसआयची नोंद, आधार आणि बँक, तिन्हीकडे सारखं हवं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांनी हे आधीच बघून घ्यावं.

क्षयरोग, कर्करोग, अर्धांगवायू अशा 34 दीर्घ आजारांना 91 दिवसांनंतर 80 टक्के दराने वाढीव लाभ आहे. त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि त्या चार मुदतींत मिळून 156 दिवसांची वर्गणी लागते.

आता आजारी न पडणाऱ्यांचा प्रश्न. ईएसआयचे 91 दिवस साठत नाहीत, वापरले नाहीत तर त्यांचे पैसेही मिळत नाहीत. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही आजारपणाची वेगळी रजा नाही. आठ नैमित्तिक रजा आहेत आणि वर्ष संपलं की त्या जातात. कंपनी स्वतःहून सिक लीव्ह देत असेल, तर तिचे पैसे मिळतील की नाही हे नेमणूकपत्रात आणि कंपनीच्या नियमांत बघा, तिथे लिहिलेलं नसेल तर कायदा तुमच्या मदतीला येत नाही.

या कायद्यात पैसे होतात ते हक्काच्या रजेचे (अर्न्ड लीव्हचे). वर्षात 240 दिवस काम झालं की दर 20 दिवसांमागे एक, आणि ती 45 दिवसांपर्यंत साठते. त्यापुढची रजा तुम्ही पंधरा दिवस आधी अर्ज करून मागितली आणि मालकाने नाकारली, तरच तिचे पैसे मागण्याचा हक्क येतो. तोंडी मागितलेली रजा आणि तोंडी मिळालेला नकार इथे उपयोगाचा नाही. अर्ज ईमेलवर करा किंवा प्रतीवर सही-शिक्का घ्या, आणि नकारही लेखी मागा.